रुगर १०/२२ हाती आल्यानंतर: पहिली ५०० काडतुसे आणि मगच बदल

रुगर कंपनीची १०/२२ ही पॉइंट टू-टूची (०.२२ इंच जाडीच्या लहान काडतुसाची) अर्धस्वयंचलित रायफल अमेरिकेत १९६४ पासून बनते आहे, आणि नेमबाजी शिकू पाहणाऱ्या माणसाला दुकानदार, प्रशिक्षक आणि रेंजवरचे जुने सभासद बहुतेक वेळा पहिले नाव हेच सुचवतात. मी सिएटलजवळ राहतो आणि गेल्या सप्टेंबरात ही रायफल घेतली. तेव्हापासून ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी तिच्याविषयी चौकशी केली, आणि जवळजवळ प्रत्येकाचा दुसरा प्रश्न "तिच्यावर काय काय बसवायचे?" हा होता. प्रश्न स्वाभाविक आहे, कारण या रायफलीसाठी मिळत नाही असा सुटा भाग शोधूनही सापडणार नाही. तरीही माझा सल्ला असा आहे की पहिली ५०० काडतुसे रायफल आहे तशीच ठेवून झाडावीत, प्रत्येक खेपेची नोंद वहीत करावी, आणि ज्या उणिवेची नोंद वहीत सापडेल तेवढाच भाग बदलावा. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने दिले आहे.

विकत घेण्यापूर्वी

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट आधी सांगतो. एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेचा केंद्रीय कायदा, काही अपवाद सोडता, बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास मनाई करतो. वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे, परंतु राज्याचे नियम त्याहून कडक असू शकतात. शिवाय "बाळगणे" या शब्दाचा अर्थ कायद्यात व्यापक आहे, त्यामुळे मित्राची रायफल रेंजवर घटकाभर हातात घेणेसुद्धा अडचणीचे ठरू शकते. ज्यांचे ग्रीन कार्ड अजून रांगेत आहे त्यांनी या बाबतीत कोणाच्याही तोंडी आश्वासनावर विसंबू नये. वकिलाला विचारावे आणि तोवर थांबावे. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही मनाई लागू होत नाही.

दुकानात केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्यापुढचे सारे राज्यावर अवलंबून असते. वॉशिंग्टन राज्यात मतदारांनी २०१८ मध्ये मंजूर केलेल्या कायद्यातील व्याख्या इतकी रुंद आहे की पॉइंट टू-टूची ही साधी रायफलसुद्धा तिच्यात बसते. त्यामुळे वयाची २१ वर्षे पूर्ण असणे आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण घेतलेले असणे आवश्यक आहे, आणि पैसे भरल्यावरही रायफल लगेच हाती येत नाही. १० पेक्षा अधिक काडतुसे मावणाऱ्या मॅगझिनची (रायफलीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीची) विक्री येथे जुलै २०२२ पासून बंद आहे. कॅलिफोर्नियात १० दिवस थांबावे लागते, तर न्यू जर्सी आणि इलिनॉय येथे खरेदीपूर्वी राज्याचे ओळखपत्र काढावे लागते. आपल्या राज्याचा नियम राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचावा.

रायफल घरी आणण्याआधी कुलपाची पोलादी पेटी घरी आलेली असावी. मुले आहेत त्या घरात ही अट मी रायफलीच्या किमतीइतकीच खरेदीचा भाग मानतो. काडतुसे दुसऱ्या जागी, दुसऱ्या कुलपात ठेवावीत.

खोका उघडल्यावर

साध्या कार्बाइन प्रकाराचे वजन सुमारे ५ पौंड, म्हणजे सव्वादोन किलोच्या आसपास आहे, आणि नळी साडेअठरा इंचांची आहे. हातात घेताच ती हलकी आणि आटोपशीर वाटते. किशोरवयीन मुलाला किंवा लहान चणीच्या व्यक्तीला ती खांद्याला लावताना ओढाताण होत नाही. धक्का इतका सौम्य आहे की गोळी सुटताना डोळे मिटण्याची नवशिक्यांची खोड येथे फारशी लागत नाही, आणि या एका गुणासाठी मी तिला शिकण्याची उत्तम रायफल समजतो.

माझ्या मते तिचा सर्वांत चांगला भाग मॅगझिन आहे. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते आणि सरळ रचलेल्या मॅगझिनमध्ये एकाची कड दुसरीत अडकण्याचा धोका राहतो. रुगरने आत एक फिरते चक्र बसवून प्रत्येक काडतुसाला स्वतंत्र खोबण दिली, त्यामुळे १० काडतुसे दस्त्याच्या पोटात सपाट मावतात आणि क्वचितच अडतात. या मॅगझिनचा स्क्रू कुतूहलापोटी सैल करू नये. आतल्या स्प्रिंगचा ताण एकदा निसटला की तो मोजून पुन्हा द्यावा लागतो.

नावडलेल्या गोष्टीही लगेच जाणवतात. ट्रिगर जड आहे आणि मागे येताना किंचित खरखरतो. बोल्ट (नळीचे बूड मिटणारा सरकता पोलादी तुकडा) मागे अडकवून ठेवणारी छोटी पट्टी ट्रिगरच्या पुढे आहे, ती नेमकी कोणत्या क्षणी दाबायची हे हाताला कळायला दोन दिवस लागतात. शेवटचे काडतूस उडाल्यावर बोल्ट आपोआप उघडा राहत नाही, आणि हे नवशिक्याने पक्के लक्षात ठेवले पाहिजे, कारण बोल्ट मिटलेला दिसला म्हणजे रायफल रिकामी आहे असा निष्कर्ष येथे कधीही काढता येत नाही.

अर्धस्वयंचलित या शब्दाचा अर्थही येथेच स्पष्ट करतो. ट्रिगर एकदा दाबल्यावर एकच गोळी सुटते. परंतु त्या गोळीच्या जोराने बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि परत येताना पुढचे काडतूस नळीत बसवतो. म्हणजे गोळी सुटल्याच्या पुढच्या क्षणी रायफल पुन्हा सज्ज असते. प्रत्येक वेळी हाताने बोल्ट ओढावा लागणाऱ्या रायफलीत जो विराम आपोआप मिळतो तो येथे मिळत नाही, म्हणून गोळी सुटताच बोट ट्रिगरवरून काढून दस्त्याला समांतर ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

रिकामी करणे आणि पहिली सफाई

रायफल हातात घेताना दर वेळी हा क्रम पाळावा. नळी सुरक्षित दिशेला ठेवून सुरक्षा कळ लावावी. मॅगझिन काढावे. बोल्ट पूर्ण मागे ओढून अडकवावा. नळीच्या बुडाशी असलेल्या घरात आधी डोळ्यांनी पाहावे आणि नंतर करंगळी घालून चाचपावे. मॅगझिन आधी निघाले पाहिजे, कारण ते आत असताना बोल्ट ओढला तर आतले काडतूस बाहेर पडते खरे, पण बोल्ट सुटताच दुसरे त्याच्या जागी जाऊन बसते.

कारखान्यातून आलेल्या रायफलीवर गंजरोधक तेलाचा थर असतो, तो पुसल्याशिवाय रेंजवर जाऊ नये. रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट एकदा मागे ओढून सोडावा, म्हणजे आतला हातोडा चढलेला राहील. नळीभोवतीच्या कड्याचा स्क्रू सैल करून कडे पुढे सरकवावे आणि दस्त्याखालचा मोठा स्क्रू काढावा. आता सुरक्षा कळ दोन्ही टोकांच्या बरोबर मध्यावर आणावी, कारण ती एका बाजूला बाहेर आलेली असली की दस्त्याच्या लाकडात अडते आणि नवा माणूस जोर लावून लाकूड चिरतो. कळ मध्यावर असली की यंत्रणा पुढून अलगद वर उचलली जाते.

ट्रिगरचा संच दोन आडव्या पिनांवर टांगलेला असतो. त्या पिना बोटाने ढकलल्या तरी निघतात, आणि संच बाजूला होताच मागच्या बाजूची एक जाडसर पोलादी पिन स्वतःहून घरंगळून टेबलावर पडते. ती पाहून घाबरू नये. ती मागे येणारा बोल्ट थोपवणारी पिन आहे आणि ती सैलच असते. माझी पहिल्या दिवशी गालिच्यात पडली होती आणि टॉर्च घेऊन शोधावी लागली, तेव्हापासून मी खाली पांढरा टॉवेल अंथरूनच काम करतो.

यंत्रणेचे घर मागून बंद असल्यामुळे सफाईची सळई नळीच्या तोंडाकडूनच घालता येते, आणि सळई नळीच्या ओठाला घासत राहिली तर अचूकता कायमची बिघडते. म्हणून मी लवचिक दोरीचे साधन वापरतो, जे बुडाकडून घालून तोंडाकडून ओढले जाते. बोल्टवर पातळ तेलाचे दोन थेंब पुरेत. जास्त तेलाला बारुदाची काजळी चिकटते आणि थंडीत त्याचा राडा होतो.

रेंजवर

कान आणि डोळे झाकल्याशिवाय रेंजच्या रेषेवर पाऊल टाकू नये. नळी नेहमी लक्ष्याकडे असावी, आणि पुढे कोणी लक्ष्य बदलायला गेले असेल तेव्हा रायफलीला हातही लावू नये. पॉइंट टू-टूची गोळी लहान असली तरी ती दीड मैलापर्यंत जाऊ शकते, असा इशारा काडतुसांच्या खोक्यावर छापलेला असतो आणि तो अक्षरशः घ्यावा. ट्रिगर दाबल्यावर नुसता "टक" आवाज आला आणि गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे आणि मग बोल्ट उघडावा. या काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते, ते सर्वत्र सारखे पसरलेले नसले तर असे फुसके काडतूस अधूनमधून निघते.

पहिल्या २०० गोळ्यांसाठी ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाच्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळीची, जास्त वेगाची काडतुसे घ्यावीत. सीसीआय कंपनीची मिनी-मॅग ही त्या जातीची, सेकंदाला १,२३५ फूट वेगाची. कारण साधे आहे. या रायफलीत बोल्टला कुलूप नाही, केवळ त्याचे वजन आणि स्प्रिंग त्याला मिटलेला ठेवतात, आणि नव्या रायफलीत ही स्प्रिंग कडक असल्याने मंद काडतुसाचा जोर कधीकधी अपुरा पडतो. यंत्रणा रुळली की सुमारे १,०७० फूट वेगाची "स्टँडर्ड" काडतुसे वापरून पाहावीत. ती ध्वनीच्या वेगाखालीच राहतात, त्यामुळे ध्वनीचा वेग ओलांडून खाली येताना गोळीला बसणारा हेलकावा टळतो आणि कागदावरच्या छिद्रांचा पुंजका बहुधा आवळतो.

याच काडतुसाशी आपले एक जवळचे नाते आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते पॉइंट टू-टू लाँग रायफल या आपल्याच काडतुसाच्या गोळ्यांनी. त्यांची रायफल एकेक गोळी भरण्याची आणि अगदी वेगळ्या प्रतीची असते. पण ५० मीटरवर वारा गोळीला किती ढकलतो, हे शिकवणारे काडतूस तेच आहे.

आता शून्य जुळवण्याचे, म्हणजे नेम धरला तेथेच गोळी पडावी असे करण्याचे काम. दुर्बीण बसवली असेल तर तिच्या फिरकीच्या एका टिचकीने नेम १०० यार्डांवर पाव इंच सरकतो, असे त्या फिरकीवर लिहिलेले असते. ५० यार्डांवर तीच टिचकी अष्टमांश इंच होते आणि २५ यार्डांवर सोळांश. म्हणजे २५ यार्डांवर पुंजका एक इंच डावीकडे पडत असेल तर उजवीकडे १६ टिचक्या द्याव्या लागतात. नवशिके येथे चार टिचक्या देतात, फरक दिसत नाही म्हणून दुर्बिणीला दोष देतात आणि मग फिरकी भराभर फिरवतात. प्रत्येक वेळी पाच गोळ्यांचा पुंजका झाडावा, त्याचा मध्य मोजावा आणि मगच फिरकीला हात लावावा. एका गोळीवरून कधीही फिरवू नये.

वहीत तारीख, अंतर, काडतुसाचे नाव, पुंजक्याची रुंदी आणि अडथळे एवढे पुरते. माझ्या वहीतील पहिल्या दिवसाची नोंद ५० यार्डांवर सुमारे दोन इंचांचा पुंजका आणि १५० गोळ्यांत दोन अडथळे अशी आहे. दुर्बीण बसवल्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी पुंजका अचानक चार इंचांवर गेला. मी काडतुसे बदलली, श्वासाची पद्धत बदलली, दुपार गेली. घरी आल्यावर दिसले की दुर्बिणीखालच्या पट्टीचे दोन स्क्रू बोटाने फिरत होते. तेव्हापासून पट्टीचे स्क्रू तेल पुसून कोरडे करून बसवणे आणि दर १०० गोळ्यांनी तपासणे हे मी नियम म्हणून लिहून ठेवले आहे.

घरी परतण्यापूर्वी हात साबण आणि थंड पाण्याने धुवावेत, रेंजवर काही खाऊ नये, आणि ते कपडे घरातील लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत, कारण गोळीतील शिशाची सूक्ष्म धूळ अंगावर येते.

बदलांचा क्रम

पहिला खर्च पट्ट्याचा करावा. रायफलीला लावलेला आणि डाव्या दंडाला घट्ट गुंडाळलेला साधा सुती पट्टा पालथे पडून किंवा बसून नेम धरताना जी स्थिरता देतो, ती त्याच्या अनेक पट किमतीचा कोणताही भाग देत नाही. ॲपलसीड या प्रशिक्षण कार्यक्रमात १०/२२ फार मोठ्या संख्येने दिसते, आणि तेथे रायफलीत सुचवले जाणारे बदल मोजकेच आहेत: पट्टा, भोकातून पाहायचा मागचा साइट (नेम धरण्याची खूण) किंवा दुर्बीण, मॅगझिन सोडवणारी लांब कळ, आणि नुसता बोल्ट मागे ओढताच सुटणारी सुधारित बोल्टपट्टी. ही यादी मला पटते, कारण तिच्यातील प्रत्येक वस्तू नेम धरण्याच्या किंवा रायफल हाताळण्याच्या कामी येते आणि शोभेची एकही नाही. सध्याच्या बऱ्याच रायफलींवर मॅगझिनची लांब कळ कारखान्यातूनच येते, त्यामुळे आधी आपल्या रायफलीवर काय आहे ते पाहून घ्यावे.

दुसरा विचार नजरेचा. मूळ रायफलीवर पुढे सोनेरी मणी आणि मागे घडीची खाच असते. जवळच्या अंतरावर हे चालते, परंतु चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना खाच, मणी आणि लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. मी ४६ वर्षांचा आहे आणि मला दुर्बिणीनेच दिसते, हे मान्य करायला मी दोन महिने घालवले. दोन ते सात पट मोठे दाखवणारी दुर्बीण पुरेशी होते. पॉइंट टू-टूसाठी बनवलेली दुर्बीण ५० किंवा ६० यार्डांवर स्वच्छ दिसेल अशी जुळवलेली असते, तीच घ्यावी. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी १०० यार्डांसाठी असतात आणि जवळ धूसर दिसतात.

तिसरा भाग ट्रिगर. रुगर स्वतः बीएक्स नावाचा तयार संच विकते, ज्याचा ताण अडीच ते तीन पौंड असतो, आणि तो त्या दोन पिना काढून घरच्या टेबलावर बसवता येतो. फरक खरोखर मोठा आहे. मात्र सीएमपी (सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम) या नेमबाजी संस्थेच्या रिमफायर स्पोर्टर स्पर्धेत उतरण्याचा विचार असेल तर तेथे ट्रिगरने किमान ३ पौंडांचे वजन उचलले पाहिजे, रायफल दुर्बिणीसह साडेसात पौंडांहून जड चालत नाही, आणि दुर्बीण लावलेल्या रायफलींच्या टी वर्गात दुर्बीण सहा पटींहून मोठी चालत नाही. अडीच पौंडांवर आलेला सुंदर ट्रिगर तेथे तपासणीच्या टेबलावरच बाद होतो. म्हणून बदलापूर्वी स्पर्धेची नियमावली वाचावी. मूळ ट्रिगरचे भाग कानशीने घासून हलके करण्याचा प्रयोग कोणीही करू नये. तसे केलेली रायफल धक्क्याने स्वतःहून सुटू शकते. नवा संच बसवल्यावरही, रिकाम्या रायफलीवर सुरक्षा कळ लावून ट्रिगर दाबून पाहावा, आणि मगच काडतूस भरावे.

वहीत अडथळ्यांच्या नोंदी वारंवार येत असतील आणि रिकामी काडतुसे बाहेर पडताना उभी अडकत असतील, तर आधी नळीचे घर घासून स्वच्छ करावे, मग काडतुसांची जात बदलावी, आणि तरीही थांबले नाही तर काडतूस ओढून काढणारी आकडी बदलावी. व्होल्क्वार्टसन, किड अशा कंपन्यांची धारदार आकडी मिळते. बोल्ट थोपवणाऱ्या त्या पोलादी पिनेऐवजी प्लॅस्टिकची पिन बसवल्यास बोल्ट आदळल्याचा आवाज मऊ होतो. हा बदल स्वस्त आणि निरुपद्रवी आहे, नेम मात्र त्याने सुधारत नाही.

नळी बदलणे सर्वांत शेवटी. १०/२२ ची नळी एका खोबणीच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनी धरलेली असते, त्यामुळे ती बदलणे इतर रायफलींच्या मानाने अतिशय सोपे आहे, आणि हाच मोह नवशिक्यांना पहिल्याच महिन्यात खर्चात पाडतो. जाड नळीने रायफल पुढे जड होते आणि तिला नवा दस्ताही लागतो. वहीत एकाच काडतुसाचे, टेकूवर ठेवून झाडलेले दहा पुंजके दीड इंचाखाली जात नसतील, आणि हाताने धरून झाडलेले पुंजके त्यांच्या बरोबरीला आलेले असतील, तरच रायफल तुमच्या मागे पडली आहे असे म्हणता येईल. माझे अजून आलेले नाहीत.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि त्यानंतर किमान १०० गोळ्या झाडून नोंद करावी. दोन भाग एकत्र बदलले तर सुधारणा कशाने झाली ते कळत नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग छोट्या पिशवीत, तारखेची चिठ्ठी लावून, रायफलीच्या खोक्यातच ठेवावा. माझा मूळ ट्रिगर तसाच ठेवला आहे, आणि येत्या उन्हाळ्यातील स्पर्धेच्या आधी तोच परत बसवणार आहे.